पुचुंगच्या वाड्यांसाठी दुसरी टाकी : मंडळाचं आवाहन

नमस्कार मंडळी,

जकार्तातल्या आपल्या मंडळाकडून हे आवाहन आहे. थोडं लांब झालंय पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण नुसतं पैसे द्या म्हणण्यापेक्षा ते कुठे जाणार आणि का जाणार हे सगळ्यांना कळलं पाहिजे असं कमिटीत ठरलं. गणपतीची वर्गणी वेगळी आणि हा निधी वेगळा, दोन्ही एकत्र करायचे नाहीत.

विषय पाण्याचा आहे. जोग्जाला, म्हणजे योग्यकार्ताला, आपण सगळेच कधी ना कधी गेलोय, प्राम्बानानची देवळं बघितलीत, बरेच जण तिथून दक्षिणेला बारोन, इंद्रायंती, वेदिओम्बो अशा बीचवरही जाऊन आलेत. हे बीच ज्या जिल्ह्यात येतात तो गुनुंगकिदुल. जोग्जाच्या सुलतानाच्या प्रांताचा जवळजवळ निम्मा भाग हा एकटा जिल्हा व्यापतो, लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, मुख्य गाव वोनोसारी, जोग्जापासून चाळीसेक किलोमीटर. त्याच्या पार आग्नेय टोकाला गिरीसुबो तालुका आणि त्यात पुचुंग हे गाव, म्हणजे एक गाव असं नाहीच, टेकड्यांच्या मधे मधे विखुरलेल्या वाड्या. एका वाडीतून दुसरीत जायचं तर एक टेकडी चढायची आणि एक उतरायची. खाली सादेंगचं मच्छीमार बंदर, समुद्र डोळ्यासमोर, आणि वर वाडीत जुलै-ऑगस्टपासून प्यायच्या पाण्याची मारामार.

आता गंमत नाही, पण खरंच विचार करण्यासारखी गोष्ट अशी की इथे पाऊस कमी नाही. वर्षाला १८०० ते २००० मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या लातूरच्या दुप्पट. आपल्यातले मराठवाड्यातले जे आहेत त्यांना २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं ते आठवत असेलच, तिथे पाऊसच पडला नव्हता. इथे पाऊस पडतो आणि जमिनीवर थांबत नाही. हा सगळा पट्टा चुनखडीचा आहे, गुनुंग सेवू म्हणतात त्याला, अशा गोल गोल शंकूसारख्या टेकड्या साधारण चाळीस हजार असतील असं सांगतात, पश्चिमेला जोग्जाच्या बाजूने सुरू होऊन पूर्वेला पाचितानपर्यंत. २०१५ मध्ये युनेस्कोने याला ग्लोबल जिओपार्क केलं. बघायला फार सुंदर, पण दगड म्हणजे नुसती चाळणी. पाऊस पडला की पाणी भेगांतून आणि लुवेंगमधून, म्हणजे जमिनीत उभी गेलेली विवरं असतात त्यातून, थेट खाली जातं, खाली गुहांमधून नद्या वाहतात आणि त्या समुद्रात जाऊन मिळतात. बारोनच्या बीचवर एका कडेला गोडं पाणी जोरात बाहेर येताना पाहिलं असेल तुम्ही, मुलं त्यात खेळतात, ते हेच पाणी. वरच्या माणसाच्या पायाखालून, शंभर शंभर मीटर खोलीवरून निघून गेलेलं.

पुचुंगजवळच तर एका अख्ख्या नदीची रिकामी दरी आहे. बंगावान सोलो, जावातली सगळ्यात लांब नदी, ती फार पूर्वी इथून दक्षिणेला समुद्राला मिळायची, मग जमीन वर उचलली गेली आणि नदीने तोंड फिरवून उत्तरेचा रस्ता धरला. दरी तशीच राहिली, वळणं घेत सादेंगपर्यंत जाते, तळाला आता मका आणि कसावाची (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) शेतं. रस्ता त्या दरीच्या कडेने जातो. टुरिस्ट थांबून फोटो काढतात.

विहीर का खोदत नाहीत हा पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आम्हीही विचारला. पाणी इतकं खोल आहे की घरची विहीर हा प्रकारच शक्य नाही, बोअर मारली तरी ती नेमकी भेगेला लागली पाहिजे, नाहीतर कोरडी. जमिनीखालचं पाणी वर आणायचे मोठे प्रयत्न झालेत, सेमानू भागातल्या ब्रिबिन गुहेत जर्मनीच्या कार्ल्सरूह विद्यापीठाच्या इंजिनियर लोकांनी शंभरेक मीटर खोल, गुहेच्या आतच नदीला बांध घातला, आणि वाहत्या पाण्याच्याच जोरावर पंप चालवून पाणी वर डोंगरावर चढवलं, २०१० मध्ये ते तिथल्या सरकारच्या ताब्यात दिलं. अफाट काम आहे ते, इंजिनियर मंडळींनी जरूर माहिती काढून वाचा. पण अशी योजना म्हणजे शेवटी पाइपलाइन, आणि पाइपलाइन टेकडीच्या उंचावरच्या शेवटच्या घरापर्यंत जायची म्हणजे प्रेशर पाहिजे, वीज पाहिजे, देखभाल पाहिजे. खालच्या घरांना नळ येतो, वरच्यांना कधी येतो कधी नाही, आणि नेमका कोरड्या महिन्यांत येत नाही.

मग लोक जगतात कशावर, तर तीन गोष्टींवर. तळी, टाकी आणि टँकर.

तळ्याला इथे तेलागा म्हणतात, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत वर्षानुवर्षं चिकणमाती साचून तळ बंद झालेला असतो त्यामुळे तिथे पाणी टिकतं. गुरं धुणं, कपडे, आंघोळ सगळं पूर्वी त्यावरच. पण मे महिन्यात पाऊस थांबला की दोन-तीन महिन्यांत बरीचशी तळी आटतात. काही ठिकाणी खोल करायला म्हणून गाळ उपसला आणि त्याबरोबर तळाची मातीही गेली, त्यानंतर त्या तळ्यात पाणी राहिलंच नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्यातल्या काहींनी सुचवलं होतं की तळ्याचं खोलीकरण करू, जलयुक्त शिवारसारखं. इथे ते करायचं नाही. आपल्या काळ्या दगडाचे नियम या चुनखडीला लागू नाहीत.

टाकी म्हणजे घराला लागून सिमेंटची गोल टाकी, कौलांवरचं पाणी पन्हळीने त्यात सोडायचं. गुनुंगकिदुलच्या दक्षिण भागात जवळपास प्रत्येक घराला ही दिसेल, कित्येक टाक्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या. आणि टँकर म्हणजे टँकर, ते आपल्याला समजावून सांगायला नको. पाच हजार लिटरचा असतो, किंमत रस्त्यावर आणि अंतरावर, लांबच्या वाडीला दीड-दोन लाख इंडोनेशियन रुपिया आणि कधी त्याहून जास्त. ज्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक गाय आहे तिथे हा पैसा कुठून येतो, तर बकरी विकून. दुष्काळात जनावर विकायला निघालं की भाव पडतो हेही आपल्याला माहितीच आहे. २०२३ मध्ये अल निनोमुळे पाऊस लांबला तेव्हा तर फार वाईट हाल झाले.

आता हिशोब सांगतो, हाच मुद्दा आहे सगळ्या आवाहनाचा. साठ चौरस मीटरचं कौलारू छप्पर धरा, १८०० मिलिमीटर पाऊस धरा, वीस टक्के वाया गेलं समजा, तरी त्या एका छपरावरून वर्षाला ऐंशी हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. टाकी किती लिटरची, दहा हजार. म्हणजे डिसेंबरमध्येच टाकी ओसंडते आणि उरलेलं सगळं पाणी अंगणातून वाहून दगडात जातं. मग मे महिन्यापासून पाच माणसांच्या घराला माणशी वीस लिटर, म्हणजे अगदी जेमतेम, दिवसाला शंभर लिटर, त्यात एक गाय असेल तर तिचे चाळीस लिटर. दहा हजार लिटर सत्तर दिवसांत संपतात. जुलै मध्यावर टाकीचा तळ दिसतो आणि पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला. छपरावर पाणी आहे, साठवायला जागा नाही, एवढीच अडचण आहे हो! म्हणून दुसरी टाकी.

कमिटीत एका काकांनी बरोबर प्रश्न काढला की एका टाकीच्या पैशात तीसेक टँकर येतील, मग टँकरच का नको पाठवायला. तर खरं आहे, तीस येतील. पण टँकर प्यायला की संपला, टाकी नीट बांधली आणि दर वर्षी साफ केली तर वीस-पंचवीस वर्षं चालते आणि दर वर्षी दहा हजार लिटर देते, म्हणजे दोन टँकर, ते वीस वर्षांत चाळीस झाले. शिवाय वरच्या घरांपर्यंत टँकरचा रस्ताच नाही, खाली उभा राहतो आणि तिथून डबे, जेरीकॅन भरून डोक्यावर किंवा मोटरसायकलला बांधून वर. आणि पाच हजार लिटर एकदम ओतायला तरी रिकामी, न गळणारी टाकी लागतेच.

पहिलं काम मात्र नव्या टाकीचं नाहीये, गळक्या टाक्यांचं आहे. जुन्या टाक्यांना तडे गेलेत, आतून सिमेंट सुटलंय, काहींची पन्हळ गंजून अर्धं पाणी बाहेर पडतं. हे काम स्वस्त आहे आणि लगेच उपयोगी आहे, काही पोती सिमेंट, थोडी जाळी, पन्हळीचा पाइप, दोन-तीन दिवसांची मेहनत. त्यामुळे आलेल्या पैशातून आधी दुरुस्त्या, मग नव्या टाक्या, आणि नव्यात पहिला नंबर जिथे फक्त वयस्कर माणसं राहतात त्या घरांचा. कारण तरुण सगळे इकडे आहेत, जकार्तात, आपल्या आजूबाजूला. आपल्या अपार्टमेंटच्या गेटवरचे, मुलांना शाळेत सोडणारे, संध्याकाळी कोपऱ्यावर ‘मी आयाम’ (चिकन नूडल्स) आणि बक्सो (मांसाच्या गोळ्यांचं सूप) विकणारे, त्यांना कधी विचारून बघा गाव कुठलं, कितीतरी जण गुनुंगकिदुल सांगतील. लेबारानला, म्हणजे ईदला, घरी जातात तेव्हा पैसे नेतात आणि त्यातले काही पाण्यालाच जातात. आपलं इथलं रोजचं आयुष्य या माणसांच्या जिवावर सोपं झालंय, तेव्हा त्यांच्या आईवडिलांच्या घरी पाणी असावं हे आपण बघायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, यात उपकाराचा प्रश्नच येत नाही.

तिकडची माणसं नुसती मदतीची वाट बघत बसलीत असं कृपया कोणी समजू नका. खडकावर जेवढी म्हणून माती आहे ती दगडाचे बांध रचून अडवलीय, हातभर रुंदीच्या पट्टीतसुद्धा मका, शेंगदाणा, कसावा एकात एक लावलेला असतो, कडेला साग. कसावा सोलून वाळवायचा त्याला गापलेक म्हणतात, त्याच्या पिठाचा वाफवलेला तिवुल, भाताच्या जागी खातात, भूक बराच वेळ धरतो. पीक निघालं की प्रत्येक वाडीचा रसूलानचा सण, घरोघरी पाहुणे, धान्याभाज्यांचा डोंगर रचून मिरवणूक, वायांगचा, म्हणजे बाहुल्यांचा, खेळ. गुरांची वैरण कोरड्या महिन्यांत मिळत नाही तर बाया पहाटे उठून कुठल्या कुठे जाऊन पानं, गवत पाठीवर बांधून आणतात. मजुरी ते आपल्याकडून घेणार नाहीत, गोतोंग रोयोंग म्हणजे सगळ्या वाडीने मिळून एकेका घराचं काम करायचं ही तिथली पद्धतच आहे, खड्डा, दगड, वाळू वर चढवणं हे सगळं ते करणार. आपण फक्त सामान आणि टाकीचा अनुभव असलेला एक गवंडी एवढंच द्यायचंय. घरांची यादी पाक दुकुह, म्हणजे वाडीचे प्रमुख, वाडीच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवतील, आपण इथे बसून नावं काढणार नाही.

खर्चाचा आपला अंदाज असा की दहा हजार लिटरची एक नवी टाकी झाकण, पन्हळ, जाळी आणि गवंडी धरून साठ लाख रुपियापर्यंत जाईल, म्हणजे आपले तीस-बत्तीस हजार रुपये. एका कुटुंबाने अख्खी टाकी दिली तर उत्तमच, चार कुटुंबांनी मिळून एक दिली तरी चालेल. ज्यांना तेवढं जमणार नाही त्यांनी सिमेंटचं एक पोतं द्या, साठ हजार रुपियाच्या आसपास येतं, दुरुस्तीच्या कामात एकेक पोतं मोलाचं आहे. विद्यार्थी आणि नवीन आलेली मंडळी यांनी बिलकुल संकोच करू नका, रक्कम कोणाची किती हे ग्रुपवर जाहीर होणार नाही. खर्चाची बिलं मात्र जाहीर होतील, प्रत्येक पावतीचा फोटो, सामान वोनोसारीत किंवा गिरीसुबोतच घ्यायचं म्हणजे पैसा तिथेच राहील. टाक्यांवर मंडळाचं नाव लिहायचं नाही हेही ठरलंय.

कपडे, भांडी, खेळणी, बाटलीबंद पाणी यातलं काही पाठवू नका. तिथे त्याची गरज नाहीये आणि ट्रकचं भाडंच जास्त होतं.

पैशाशिवाय अजून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे सिव्हिल इंजिनियर, फेरोसिमेंटचं, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन करायचं, काम केलेलं किंवा निदान बघितलेलं कोणी असेल तर ड्रॉइंग एकदा तपासून द्या, कारण हा भाग भूकंपाचा आहे, २७ मे २००६ च्या जोग्जाच्या भूकंपात पाच हजारांहून जास्त माणसं गेली, त्यामुळे जाळी आणि पाया यात काटकसर करायची नाही. दुसरं, डॉक्टर मंडळींपैकी कोणीतरी साठवलेल्या पावसाच्या पाण्याबद्दल साध्या बहासामध्ये, म्हणजे इंडोनेशियन भाषेत, एक पान लिहून द्या: पहिल्या एक-दोन सरींचं पाणी छपराची धूळ घेऊन येतं ते सोडून द्यायचं, झाकण आणि जाळी ठेवली नाही तर डेंगीचे डास टाकीत वाढतात, प्यायचं पाणी उकळायचंच. तिथल्या लोकांना यातलं बरंच माहीत आहे, पण वाडीत लावायला छापील कागद बरा असं त्यांच्याकडूनच आलंय.

वेळ कमी आहे. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस सुरू होईल त्याआधी सिमेंट पुरेसं मुरलेलं पाहिजे, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत टाक्या बांधून झाल्या पाहिजेत आणि सामान ऑगस्टमध्ये पोचलं पाहिजे. मंडळाचा खाते क्रमांक ग्रुपवर वर पिन केलाय, पैसे पाठवताना शेऱ्यात ‘टाकी’ एवढंच लिहा म्हणजे वर्गणीत मिसळणार नाहीत. भारतातले नातेवाईक द्यायचं म्हणत असतील तर त्यांनी जकार्तातल्या आपल्या माणसाकडे द्यावेत आणि त्याने इथून भरावेत. रोख द्यायचे असतील तर पुढच्या रविवारी गणपतीच्या तयारीच्या मीटिंगला खजिनदारांकडे द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. इंजिनियर आणि डॉक्टर मंडळींनी त्याच मीटिंगला अर्धा तास आधी या, ड्रॉइंगची प्रिंट घेऊन आम्ही तिथे असू.

आपले,
मंडळाची कमिटी, जकार्ता