तीसपैकी अकरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूविज्ञानाच्या प्रगतीवरचा आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. माहिती चोख होती. मात्र मेंदूतील सगळ्या जोडण्यांचा नकाशा तयार झाला की माणसाचे कोडे सुटलेच, हा त्यातला सूर पटला नाही, म्हणून हे पत्र.

जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, सी. एलिगन्स नावाचा एक कृमी आहे. त्याच्या चेतापेशी अवघ्या ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही नुसत्या नकाशावरून तो कृमी पुढच्या क्षणी काय करील, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. भुकेला असताना त्याच जोडण्या वेगळ्या वागतात, शरीरात पाझरणारी रसायने त्यांचे काम बदलून टाकतात. रस्त्यांचा नकाशा हाती आला म्हणून रहदारी कळत नाही, तसेच हे. माणसाच्या मेंदूत तर सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी! शिवाय माणसाला भाषा असते, डोक्यावर कर्ज असते, कुणाविषयी वर्षानुवर्षे धरलेला राग असतो.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा तपासणीत तिला घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. गोल तिने नीट काढला, आकडे मात्र सगळे एकाच बाजूला दाटीवाटीने कोंबले. सगळ्या तपासणीत मिळून तीसपैकी अकरा गुण. निदान अचूक होते, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्या संध्याकाळी तिला माझे नावही आठवेना. मी रडत बसले होते. ती उठली, वाळलेला टॉवेल घेतला, काठाला काठ जुळवून चौपदरी घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे त्या अकरा गुणांत कुठे बसवायचे?

पुढे हेन्री मोलेसन यांच्याविषयी वाचले. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढला आणि नव्या आठवणी साठवण्याची त्यांची शक्तीच गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. आपण हे आधी केले आहे, हे त्यांना आठवत नसे, पण चुका मात्र दिवसागणिक कमी होत गेल्या. त्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्या हाताला ठाऊक होते. ‘स्मृती’ हा एकच शब्द किती वेगवेगळ्या गोष्टी पोटात घेऊन बसला होता, हे त्यातून कळले. आणि ते कळले प्रयोगामुळेच, हेही विसरता कामा नये. विज्ञानाला सगळे कळत नाही म्हणून आमचा अंगारा घ्या, असे सांगणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. कुंपण दिसले म्हणून कुणी शेत पडीक टाकत नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी संशोधकांशी बोलताना ‘अजून काय कळलेले नाही?’ हा प्रश्नही विचारावा आणि रुग्णाची रात्रंदिवस उस्तवार करणाऱ्यांनाही दोन ओळी द्याव्यात. आईच्या फायलीत, घड्याळाच्या त्या चित्रामागे, मी टॉवेलची नोंद माझ्या अक्षरात लिहून ठेवली होती. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, “कोणत्या तारखेची ही?”

आपली,
एक वाचक