मुक्तास पत्र : पन्हळीला कुठली जाळी?

ठाणे, २० एप्रिल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

छपराच्या पन्हळीत पानं साठू नयेत म्हणून कुठली जाळी घ्यावी, असं विचारून तू पाठवलेले तिन्ही जाळ्यांचे फोटो पाहिले. दुकानदार म्हणतो तशी ‘बसवा आणि विसरा’ जाळी कुठेच मिळत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे त्या आशेवर पैसे जायला नकोत. जाळी पानं अडवते आणि अडलेली पानं कुणाला तरी काढावीच लागतात. ती पन्हळीतल्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून काढायची की वरूनच खराट्याने ओढायची, एवढाच फरक पडतो. पण तो फरक मोठा आहे, म्हणून जाळी घेच. कुठली घ्यायची हे मात्र छपरावर कुठलं झाड वाकलंय आणि तिथे पाऊस कसा पडतो, यावर ठरव.

या जाळ्यांची माहितीपत्रकं बहुतेक थंड मुलखातल्या घरांसाठी लिहिलेली असतात. तिकडे पानगळ आणि पावसाळी हवा एकाच वेळी येते, त्यामुळे ओली पानं पन्हळीत पडणं हाच त्यांचा मुख्य त्रास. आपल्याकडे तसं नाही. तुझ्या गल्लीतला रेन ट्री पानं झाडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पिंपळही त्याच सुमारास. मागच्या अंगणातला बदाम हिवाळा सरता सरता लाल होऊन गळतो. मग मार्चपासून मेपर्यंत सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा. हे सगळं कोरडं पडतं, त्यावर पारसिकच्या डोंगराकडची आणि रस्त्याची धूळ बसते, आणि पाऊस येतो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या दोन सरींत या सगळ्याचा लगदा होऊन तो नेमका पाईपच्या तोंडाशी जाऊन बसतो. म्हणून मेमधली एक नीट सफाई महागातल्या महाग जाळीपेक्षा जास्त कामाची. पावसाळ्यात नंतर जे पडतं ते वाऱ्याने तुटलेलं हिरवं डहाळं आणि बदामाची वितीएवढी पानं. जाळी खरी लागते ती त्यासाठी.

जाळीच्या आधी पाईप बघ. सगळे इथेच चुकतात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची वरच्या पत्र्याची बाजू ८ मीटर लांब आणि ४ मीटर उताराची, म्हणजे ३२ चौरस मीटर. ताशी १०० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळला तर तासाला ३२०० लिटर, मिनिटाला ५३ लिटर. हजार लिटरची टाकी १९ मिनिटांत भरेल एवढं पाणी एका पन्हळीतून जायचं असतं. आपल्याकडे वर्षाकाठी २५०० मिमीच्या आसपास पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं असा जोर धरणं ही नेहमीची गोष्ट. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. तसल्या दिवसासाठी कुठलीच पन्हळ आखत नाहीत.) या वेगाला तीन इंची, म्हणजे ७५ मिमीचा पाईप साधारण २० चौरस मीटर छपराचं पाणी घेतो आणि चार इंची ४० च्या थोडं वर. तुझ्या फोटोत एका टोकाला एकच तीन इंची पाईप दिसतोय. त्यावर कुठलीही जाळी बसवलीस तरी पाणी पन्हळीच्या काठावरून सांडणारच आणि दोष जाळीला लागेल. एकतर तो चार इंची कर, नाहीतर दुसऱ्या टोकाला आणखी एक तीन इंची काढ. मी दुसरा पर्याय घेईन, कारण एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो.

दोन्ही टोकांना पाईप असला की उतारही सोपा होतो. मधोमध उंच ठेवून दोन्हीकडे मीटरला ५ मिमी, म्हणजे ४ मीटरला २० मिमी उतार पुरतो. शेडवाला ‘नजरेने बरोबर आहे’ म्हणेल, पण पाणसळ लावून दोरी ताणायला सांग. ब्रॅकेट ६० सेंटीमीटरवर असावेत. मीटर-मीटरवर असतील तर भरलेली पन्हळ मधे पोट सोडते आणि त्या खोलगटात पाणी साठतं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून हा मुद्दा हलक्यावर घेऊ नकोस. पारख अगदी सोपी आहे. मधल्या उंच जागी एक बादली पाणी ओत आणि अर्ध्या तासाने बघ. बोट बुडेल एवढं पाणी कुठे उरलं तर तिथला ब्रॅकेट उचलून घ्यायला सांग.

आता जाळ्या. तुझ्या पहिल्या फोटोतली स्टेनलेसची अगदी बारीक, पीठ चाळायच्या चाळणीसारखी आहे. दिसायला सगळ्यांत भारी, पण तुझ्या घरासाठी मी ती नाकारतो. तिच्या छिद्रांवर धूळ, परागकण आणि पाकळ्यांचा चिकट थर बसला की पाणी छिद्रातून खाली उतरायच्या ऐवजी वरून घसरत पुढे जातं. मंद पावसात हे लक्षात येत नाही, जोराच्या सरीत पन्हळ कोरडी आणि अंगणात धबधबा अशी गत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यावर शेवाळही धरतं. तसल्या बारीक जाळीची जागा खाली आहे. छपराचं पाणी टाकीत घेणार असाल तर ती टाकीच्या तोंडाशी लाव, हात पोचेल अशी.

दुसरा तो काळा स्पंज. पन्हळीत कोंबून बसवायचा म्हणून सोपा वाटतो. त्यात माती मुरते, मातीत पिंपळ-वडाचं बी पडतं आणि वर्षा-दोन वर्षांत पन्हळीची कुंडी होते. बाटली धुवायच्या ब्रशसारखा जो लांब ब्रश मिळतो त्याचीही तीच तऱ्हा, रेन ट्रीच्या काड्या त्याच्या केसांत अडकल्या की एकेक वेचून काढाव्या लागतात. तिसरं प्लास्टिकच्या जाळीचं भेंडोळं. दोन उन्हाळ्यांत उन्हाने ठिसूळ होतं, मधे खचतं, आणि खचलेल्या झोळीत पानं साठतात. येऊरच्या जंगलाच्या बाजूला असतीस तर माकडांनी ते पहिल्याच आठवड्यात उपटलं असतं.

तू भोकं पाडलेल्या जाड अ‍ॅल्युमिनिअम पत्र्याची जाळी घे, भोक ४ ते ५ मिमी. फॅब्रिकेटर पत्रा मापाने कापून, कडा वाकवून देतो. या भोकांतून सोनमोहराच्या बारीक पानोळ्या आत जातील, हे मला माहीत आहे. जाऊ देत. पन्हळीला उतार असेल आणि पाईप पुरेसा असेल तर एवढुसं पान पाण्याबरोबर वाहून जातं. अडवायची आहेत ती बदामाची पानं, रेन ट्रीच्या शेंगा, काटक्या आणि कावळ्यांनी आणून टाकलेल्या तारा. मात्र ही जाळी लावल्यावर पाईपच्या तोंडावरचा तो तारेचा गोळा काढून टाक. वरून जाळी आणि आत गोळा असं दोन्ही ठेवलं की आतला गोळा पानोळ्यांनी बुजतो आणि वरून दिसतही नाही. त्याऐवजी खाली पाईपला खांद्याच्या उंचीवर डोअर टी, म्हणजे उघडता येणाऱ्या झाकणाचा जोड, बसवून घे. झाकण उघडून काडी घातली की काम होतं, शिडी लागत नाही.

दोन छपरांना बसवायची पद्धत वेगळी. वरच्या पत्र्याच्या खाचांमधून पाणी धारांनी पडतं, सगळीकडून सारखं नाही. म्हणून पत्र्याची कड पन्हळीत ४०-५० मिमी आत आलेली हवी आणि जाळी त्या कडेच्या खालून पन्हळीच्या पाठीपर्यंत पोचायला हवी. नाहीतर मागच्या फटीतून पानं आत जातात आणि तिथेच गठ्ठा होतो. मागची मंगलोरी कौलांची बाजू नाजूक आहे. काही जण जाळीची मागची कड शेवटच्या कौलाखाली खुपसतात, त्याने कौल उचललं जातं आणि वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत येतं. कौलांना हात न लावता जाळी पन्हळीच्या दोन काठांवरच बसली पाहिजे. आणि जिथे दोन उतार कोनात मिळतात तिथे सगळं पाणी एका जागी उसळतं. त्या कोपऱ्यात पन्हळीच्या बाहेरच्या काठावर पत्र्याची १०० मिमी उंच आडपट्टी लाव. तुमच्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी शेजारच्या घरांच्या भिंती सामाईक ठेवल्या नाहीत, त्यामुळे दोन घरांमधली जागा अरुंद आहे आणि कोपऱ्यातून उसळलेलं पाणी थेट शेजारच्यांच्या भिंतीवर जातं. ओलीवरून कुरबूर होण्याआधीच ही पट्टी लागलेली बरी.

माप घेताना पन्हळीच्या तोंडाची आतली रुंदी तीन ठिकाणी मोज, दोन टोकं आणि मधे. ती क्वचितच सारखी भरते. ८ मीटरला १.२ मीटरचे सात तुकडे सांग. एकमेकांवर २५ मिमी चढवले तरी पुरून उरतात. लांब सलग पट्टी घेऊ नकोस, पुढे एकच तुकडा काढून आत बघता आला पाहिजे. प्रत्येक तुकड्याला पन्हळीच्या पुढच्या ओठावर, म्हणजे बाहेरच्या काठावर, तीन स्टेनलेसचे स्क्रू, म्हणजे २१, हातात २५ ठेव. स्क्रू पुढच्या ओठावरच घालायचे. पन्हळीच्या तळाला किंवा पाठीला भोक पाडलं की तिथूनच गळती सुरू होते, मग सिलिकॉन कितीही थापा. तुमची पन्हळ पीव्हीसीची आहे, तीन मीटरचा तुकडा उन्हा-थंडीत पाचेक मिलिमीटर लांब-आखूड होतो, म्हणून जाळीवरची स्क्रूची भोकं लांबट हवीत. पुढे कधी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची पन्हळ केलीत तर तिच्यावर स्टेनलेसची जाळी थेट टेकवू नका, मधे रबरी पट्टी घाला. खाडीच्या खाऱ्या दमटपणात दोन धातू ओले चिकटून राहिले की जीआयवरचं जस्त आधी खाल्लं जातं.

जाळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेव, म्हणजे वाळलेली पानं वाऱ्याने आपसूक खाली पडतील. दोन्ही टोकांची तोंडं पत्र्याने बंद कर. उघडी राहिली तर आत आयती झाकलेली, कोरडी वाट तयार होते आणि उंदीर तिथे बिळासारखे राहतात.

बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी परीक्षा घे. निखिल वर शिडीवर आणि तू खाली. त्याने जाळीच्या हातभर वर छपरावर १५ लिटरची बादली एका दमात ओतायची आणि तू खालून बघायचं. ओठावरून चार थेंब उडाले तर चालेल, पाण्याचा पडदा उतरला तर जाळीचा कोन जास्त झालाय, तो कमी करून घे. शिडी पीव्हीसीच्या पन्हळीवर टेकवू नका, भिंतीवर टेकवा. चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर. पत्र्यावर चढावंच लागलं तर स्क्रूच्या रांगेवरच पाय, मधल्या पोकळ भागावर नको. पॉलीकार्बोनेटच्या पारदर्शक शीटवर तर कुणीही, कधीही पाय ठेवायचा नाही. हे मी दोनदा लिहिलं असतं.

पुढची देखभाल अशी. मेच्या मध्याला सगळे तुकडे उघडून आतून साफ. वर कोरडी पानं दिसतात, पण थापी खाली घातलीस की काळी, ओलसर माती लागेल, बोट-दीड बोट जाड, आणि त्यात दोन पानांचं, करंगळीएवढं पिंपळाचं रोप. ते तेव्हाच मुळासकट काढ. वर दोन पानं दिसत असतात तेव्हा त्याचं मूळ जोडाच्या रबरापर्यंत पोचलेलं असतं आणि पुढच्या वर्षी ते जोड उघडतं. माती घमेल्यात भर, पाण्याने पाईपमध्ये ढकलू नकोस. कुंड्यांना ती उत्तम. जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाले की एकदा वरून खराटा फिरव, मग जुलै-ऑगस्टमध्ये वारं-वादळ झाल्यावर, आणि गणपतीच्या आसपास एकदा शेवाळ घासून काढ. त्यानंतर थेट पुढचा मे.

रेन ट्रीच्या फांद्या छपरावर फारच उतरल्या असतील तर परस्पर माणूस बोलावून तोडू नकोस. छाटणीलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज आत्ताच दे, मेअखेरीस तिथे सगळ्यांची गर्दी असते.

रविवारपर्यंत मला तीन गोष्टींची मापं कळव. पन्हळीच्या तोंडाची तिन्ही ठिकाणची रुंदी, पत्र्याची कड आत किती येते आणि मागच्या कौलांच्या बाजूची लांबी. त्यावरून कापायच्या पत्र्याचं माप मी काढून पाठवतो. निखिलला आशीर्वाद.

तुझा,
बाबा