बांबोळीच्या मावशींना, सांबऱ्याकडून

मावशी, साष्टांग नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "ते सोड रे, आज्जा जेवला काय ते सांग" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता थांबवा बघू.

आज्जाला बांबोळीच्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ॲडमिट केलं तेव्हा माझ्याजवळ एक फाईल आणि मोबाईलचा चार्जर, बस. बेळगाव-खानापूरकडची कितीतरी माणसं उपचाराला तिकडेच येतात हे ऐकून होतो पण आत गेल्यावर कुठली लाईन कशाची काही कळेना. तुम्ही तुमच्या काकांच्या बेडजवळ बसला होता, स्वतःचंच टेन्शन काय कमी होतं, तरी उठून माझ्याबरोबर रक्ताच्या खिडकीपर्यंत आलात. मग पेज काय, लोणचं काय, आंघोळीला घरी बोलावणं काय. माझी सख्खी आत्या म्हापशात असती तर तिनेसुद्धा एवढं केलं नसतं (आत्या हे वाचणार नाही, तिला फेसबुक जमत नाही).

हे तर आहेच. पण त्या संध्याकाळी तुम्ही जे बोललात त्याचे आभार राहून गेलेत.

आज्जाला जरा बरं वाटलं की तो विमानांची गोष्ट काढतोच. आमच्या घरात सगळ्यांना ती पाठ आहे. डिसेंबर १९६१, बेळगावात जिकडेतिकडे मिलिटरी, कॅम्पात ट्रकांच्या रांगा, गोव्यावर जाणार जाणार म्हणून चर्चा. आणि १८ तारखेला सकाळी सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली, हा चौदा वर्षांचा, चिंचेच्या झाडावर बसून मोजतोय, गेली तेवढी परत आली का. सहाच्या सहा आली. मग पोरं नाचली, गूळ वाटला. गोष्ट तिथेच संपायची, गेली साठ वर्षं.

वॉर्डात त्याने हीच गोष्ट खड्या आवाजात सांगितली आणि तुम्ही पेजेचा डबा पुसत शांतपणे म्हणालात, "ती आमच्याकडेच आली होती बाबा."

खरंच की ओ. सांबऱ्याची ती विमानं बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर गेली होती, पुण्याहून उडालेली कॅनबेरा बॉम्बर विमानं दाभोळी विमानतळावर. हे आम्ही वाचलेलं असतं पण बांबोळीत माणसं राहतात, त्यांच्या घरात त्या वेळी चूल पेटलेली असेल, हे कधी डोक्यात आलं नाही. तुमच्या घरी नाताळचा दोदोल शिजत होता. नारळाचा रस, गूळ, तांदळाचं पीठ, एक मिनिट हात थांबवायचा नाही असला प्रकार. पहिला दणका झाला तेव्हा तुमच्या आईला वाटलं खाणीवर सुरुंग लावला, दुसऱ्याला शिंपल्यांच्या खिडकीचे तुकडे अंगावर आले, मग पळी तशीच टाकून तिने तुम्हा तिघांना खाटेखाली ढकललं आणि वरून स्वतः आडवी झाली. तुम्ही खाटेखालून बघत होता की दोदोल करपतोय आणि कुणी ढवळत नाही, आणि तुम्हाला भीती त्याचीच जास्त वाटत होती. नंतर वरचा वरचा काढून खाल्ला म्हणालात. बाणस्तारीचा पूल तर पोर्तुगीजांनीच पळता पळता उडवलेला.

पोर्तुगीज गेले याचं तुम्हाला वाईट वाटलं नाही, हेही सांगितलंत. १९५५ पासून हद्द बंद, रेल्वे बंद, तुमच्या मामाच्या लग्नाला बेळगावची माणसं येऊ शकली नाहीत. मोकळं झालो म्हणालात. फक्त वरून विमान गेलं की आई शेवटपर्यंत हातातलं काम थांबवायची, आणि दाभोळीची विमानं तर रोजचीच.

नागरी वस्तीला धक्का लावायचा नाही, दाभोळीची इमारतही वाचवायची असा हुकूम होता आणि तो बराचसा पाळलाही गेला. पण खाटेखाली असलेल्या माणसाला हुकूम कुठून कळणार?

आज्जा बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "लागलं नाही न्हवं घरात कुणाला?" तुम्ही नाही म्हणालात तेव्हा त्याने असा श्वास सोडला जसं काय विमान त्यानेच चालवलं होतं. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

मावशी, तुम्ही रागावून बोलला असता तर आज्जा भांडला असता, ओळखतो मी त्याला. तुम्ही नुसतं सांगितलंत, ते सुद्धा त्याच्या उशाशी बसून, आणि वर त्याला पेज भरवलीत. आता १९ डिसेंबरला गावात पोरं गोवा मुक्तीचे स्टेटस लावतात तेव्हा तो कट्ट्यावर पूर्ण गोष्ट सांगतो, दोदोलासकट. दोदोल म्हणजे काय ते निम्म्यांना माहीत नाही, तो हलव्यासारखा म्हणतो, तुम्ही येऊन करेक्ट करा.

तब्येत चांगली आहे, काठी घेऊन शेतापर्यंत जातो, डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू चोरून खातो. पुढच्या चेकअपला चोर्ल्यावरून येतोय, रस्ता खराब असला तर अनमोडवरून, म्हणजे जरा उशीर होईल. काकांना शुगर आहे म्हणून कुंदा थोडाच आणतो, वांगी आणि कोथिंबीर मात्र पोतंभर, नको म्हणू नका.

तुमचा,
पंधरा नंबर बेडवाल्याचा नातू