त्या पंचेचाळीस शतांशांचा हिशेब

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी अठरा वर्षांपासून शाळेत खेळ शिकवते. मैदान, निधी आणि प्रशिक्षक यांविषयीची निवेदने आपल्या कार्यालयात रोजच येत असतील, म्हणून मी आपल्यापुढे केवळ एका विद्यार्थिनीची शंभर मीटरची एक शर्यत मांडते आहे.

जिल्हा स्पर्धेत तिने १०० मीटर १२.६ सेकंदांत पूर्ण केले. पुढे विभागातून तिची निवड झाली आणि पुण्यात बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर, पहिल्याच फेरीत, तिची वेळ लागली १३.०५. ती बाद झाली. पाण्याची बाटली हातात तशीच धरून तिने मला विचारले, "मॅडम, मी तर तशीच पळाले. मग अर्धा सेकंद गेला कुठे?"

नेमके सांगायचे तर पंचेचाळीस शतांश गेले होते, आणि त्यांपैकी चोवीसांचा हिशेब सोपा आहे: जिल्ह्यातली वेळ हाताने घेतलेली होती, पुण्यातली इलेक्ट्रॉनिक घड्याळाने. हातातल्या स्टॉपवॉचवर सुरुवातीची खूण दिसल्यावर बोट दाबेपर्यंत क्षण निसटतो, पण शेवटच्या रेषेकडे येणारी मुलगी आधीपासून दिसत असल्यामुळे तेथे बोट वेळेवर पडते. म्हणून हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. १०० आणि २०० मीटरमध्ये ती इलेक्ट्रॉनिक घड्याळाशी ताडून पाहताना तीत ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. (शिट्टीवर घड्याळ चालू केले तर फरक आणखी वाढतो, कारण आवाजाला शंभर मीटर कापायलाच सुमारे ०.३ सेकंद लागतात. आम्ही निदान झेंडी वापरतो.) कमी अंतराच्या शर्यतींत हाताने घेतलेली वेळ जागतिक विक्रमासाठी १९७७ पासून ग्राह्यच धरली जात नाही. आमच्या मुलींचे भवितव्य मात्र आजही माझ्यासारखीच्या अंगठ्यावर ठरते. ती मुलगी १२.६ ची कधीच नव्हती, ती १२.८४ ची होती आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

उरलेले एकवीस शतांश आमच्या काळ्या मातीत आहेत. पावसाळ्यात या मैदानात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. स्टार्टिंग ब्लॉकचे (सुटताना पाय टेकवायच्या आधाराचे) खिळे कोरड्या मातीत धरत नाहीत, त्यामुळे सरावाच्या वेळी एक मुलगी ब्लॉकमागे पाय रोवून बसते आणि दुसरी सुटते. म्हणजे एक सुटली की दुसरीचा सराव बुडतो. तिच्या पायातले स्पाइक्स एका माजी विद्यार्थिनीचे होते, एक माप मोठे. पुढच्या टोकात तिने घरचाच कापूस कोंबला होता. त्यात रात्रभराचा एसटीचा प्रवास, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला सिंथेटिक ट्रॅक.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आदिवासी पाड्यांतल्या मुलींना साधने नसली तरी चालते, असे भाषणांतून फार बोलले गेले. लांब पल्ल्याच्या धावपटूला घाटरस्ता काही प्रमाणात घडवू शकतो. वेगाच्या शर्यतीचे तसे नाही. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या सुमारे ३६.५ मीटर असते. आमच्या मैदानात फक्कीने आखलेला ट्रॅक २०० मीटरचा, त्यामुळे त्याचे वळण जवळपास दुप्पट तीव्र, आणि त्यावर शिकलेली मुलगी मोठ्या ट्रॅकवर २०० मीटर धावताना अंग कितपत झुकवायचे हेच चुकते. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील पदक एका शतांशाने हुकले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच्या आठ वर्षे आधी, १९७६ मध्ये, केरळ सरकारने मुलींसाठी निवासी क्रीडाशाळा काढली होती आणि उषा तेथेच घडल्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

आमच्या मुलीला ती आठ वर्षे मिळाली नाहीत. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकाच वेळी येतो. पुण्याहून परतल्यावर मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आई ओट्यावर बसून अहिराणीत म्हणाली, "मॅडम, पोर पयीसनी कोठे जाई?" (पोर धावून कुठे जाणार?) मला उत्तर देता आले नाही. आज ती मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहाटे महामार्गाच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावते. त्या भरतीत मुलींना १०० मीटर धावावे लागते. खाकी वर्दीचे मला मुळीच वाईट वाटत नाही, उलट ती मिळाली तर मी पेढे वाटीन. पण इतक्या वेगाने धावणाऱ्या मुलीसमोर तेवढा एकच रस्ता उरावा, हे मला पटत नाही.

म्हणून दोन मागण्या करते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या मैदानी स्पर्धांच्या तारखा वेगळ्या ठेवाव्यात आणि फोटो-फिनिशसह (शेवटच्या रेषेवरच्या कॅमेऱ्यासह) इलेक्ट्रॉनिक घड्याळाचा एकच फिरता संच, तो हाताळणाऱ्या माणसासह, तिन्हीकडे पाठवावा. खर्चाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब आहे. दुसरी मागणी मोठी आहे: घरी जायला दोन तासांपेक्षा जास्त लागणार नाहीत अशा ठिकाणी, सिंथेटिक ट्रॅकला लागून, खान्देशातल्या मुलींसाठी वसतिगृह असावे, तेथे पूर्णवेळ महिला प्रशिक्षक असावी आणि चौदाव्या वर्षी आलेल्या मुलीला विसाव्या वर्षापर्यंत, एखादा हंगाम वाईट गेला तरी, तेथून काढू नये.

दुसऱ्या मागणीला वेळ लागेल हे मी समजू शकते. पहिलीचा निर्णय यंदाच्या जिल्हा स्पर्धांपूर्वी व्हावा, कारण आठवीतली एक मुलगी सध्या माझ्या घड्याळावर १३.१ धावते आहे आणि तो आकडा मी अजून तिला सांगितलेला नाही.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका, जिल्हा धुळे