पोटगीचा हिशेब टक्क्यांत मांडता येत नाही

मा. संपादक,
स. न.

घटस्फोटानंतर पतीच्या पगाराचा चौथा हिस्सा पत्नीला मिळतोच, असा समज सर्रास आढळतो. त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील एका निकालात आहे. परंतु निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम न्याय्य ठरेल, हे मत त्या प्रकरणापुरते होते, तो सरसकट नियम नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये टक्केवारी नाहीच. अर्जदार पती असो वा पत्नी, दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन आणि इतर परिस्थिती पाहून न्यायालयाने रक्कम ठरवायची असते.

खरी मेख उत्पन्न सिद्ध करण्यात आहे. नोकरदाराची पगारपावती समोर असते, व्यावसायिकाची रोख मात्र बहुधा कागदावर येतच नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही स्पष्ट केले. एका नातलग महिलेचे असे शपथपत्र भरायला मी बसलो होतो. घरभाडे, मुलाची फी, औषधे, सारे तिने पै-पैशासकट मांडले. समोरच्या शपथपत्रात, दुकान चालू असूनही, उत्पन्नाच्या रकान्यात ‘अनियमित’ एवढा एकच शब्द होता.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे खटला चालू असतानाच्या पोटगीचा, अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ सांगते. अशी मोघम शपथपत्रे पहिल्याच तारखेला परत केली, तर ही मुदत पाळणे अवघड नाही.

आपला,
एक वाचक