प्रागच्या थिएटरात कोट सांभाळणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव मला माहीत नाही. प्रागच्या स्मिखोव्ह भागातल्या श्वांदोवो थिएटरात कोट ठेवायच्या काउंटरमागे तुम्ही उभ्या होतात, करडे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, एवढीच तुमची ओळख माझ्यापाशी आहे. मी मराठीत लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुठल्या भाषेत मला नीट सांगता येणार नाही. ऑफिसातली मैत्रीण चेक भाषेत करून देणार आहे.

त्या गुरुवारी मी बाबांना ‘हॅम्लेट’ दाखवायला आणलं होतं. बाबा ७६ वर्षांचे, सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते हे गाव. नाटकाचं वेड तिथे घराघरात असतं. कॉलेजात असताना बाबांनी ‘हॅम्लेट’मध्ये कबर खणणाऱ्याचं काम केलं होतं. आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते आणि तिथे त्यांनी याच नाटकाचं मराठी, म्हणजे ‘विकारविलसित’, हाती घेतलं होतं, हे ते मला ट्राममध्ये सांगत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना सात महिन्यांत ऐकलं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी आई गेली.

तुमच्याकडे यायच्या आठ दिवस आधी आम्ही दुसऱ्या एका थिएटरात गेलो होतो. इथे कोट बाहेर ठेवल्याशिवाय आत जाता येत नाही, हे मी बाबांना सांगितलं होतं. पण त्यांच्या कोटाच्या कॉलरआतली टांगायची पट्टी एका बाजूने तुटलेली. तिथल्या बाईंनी कोट दोन बोटांत धरून पाहिला आणि काउंटरवर परत टाकला. पट्टी नाही तर घेणार नाही. हँगरला लावा म्हणून मी विनवण्या केल्या, त्यांनी मान फिरवली. तेवढ्यात शेवटची घंटा झाली आणि दार बंद झालं. मध्यंतरापर्यंत बाबा कोट मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले होते. “माझीच चूक झाली, चल घरी,” असं दोनदा म्हणाले. मी नंतर तक्रार लिहिली, तर दोन ओळींत नियम कळवला. नियम असेल. पण ७६ वर्षांच्या माणसाला बसायला एक खुर्ची देण्याआड कुठला नियम येत होता? माझा तो राग अजून गेलेला नाही.

तुम्हाला वाटेल, पोरीने आठ दिवसांत चार टाके का नाही घातले. मी सुई घेऊन बसले होते, मावशी. बाबांनी कोट हातातून काढून घेतला. तो कोट आईने गणपती पेठेतल्या शिंप्याकडून शिवून आणलेला, आणि ती पट्टी एकदा निघाली तेव्हा तिनेच काळ्या दोऱ्याने बसवलेली. एका टोकाचे तिचे टाके अजून शाबूत आहेत. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून तुम्ही कोट हातात घेऊन ती लोंबती पट्टी बोटाने उचललीत, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी माझ्या मोडक्या चेकमध्ये माफी मागायला लागले. तुम्ही एकच शब्द बोललात: “नेवादी.” काही हरकत नाही. आणि कोटाचा नंबरचा बिल्ला बाबांच्या हातात दिलात. माझ्या नाही, त्यांच्या.

नाटकाबद्दल काय लिहू? डॅनियल श्पिनार यांनी २०१३ साली बसवलेलं ते नाटक, पात्रिक द्येर्गेलचा हॅम्लेट. नाटक चेकमध्ये, वर इंग्रजी भाषांतराची अक्षरं झळकत होती, पण दहा मिनिटांत बाबांनी ती वाचायची सोडली. शब्द त्यांना पाठच होते. बाप जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि आई नि काका त्या पोराला सांगतात, पुरे आता शोक, काळे कपडे उतरव. तिथे बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना सगळे हेच सांगत आले आहेत. आता सावरा. मीही सांगितलंय.

कोट परत देताना तुम्ही काहीच बोलला नाहीत. घरी आल्यावर बाबा तो खुंटीला लावायला गेले आणि थांबले. पट्टी बसवलेली होती. तुटलेल्या टोकाला लाल दोरा, बारीक, जवळजवळ घातलेले सहा टाके, शेवटी गाठ. आणि दुसऱ्या टोकाचा आईचा काळा दोरा जसाच्या तसा! तो उसवून दोन्हीकडून नवीन शिवणं सोपं गेलं असतं. तुम्ही उसवला नाहीत. बाबा पलंगावर बसले, अंगठा आधी लाल टाक्यांवरून फिरवला, मग काळ्या. “दुहेरी दोरा घेतलाय,” म्हणाले. “ती पण दुहेरीच घ्यायची.” मग रात्री दीडपर्यंत ते आईबद्दल बोलत होते आणि मी ऐकत होते.

तुमच्या या शहरात १९७८ साली, कम्युनिस्ट राजवटीत रंगमंचावर यायची बंदी असलेल्या अभिनेत्री व्लास्ता ख्रामोस्तोवा यांनी स्वतःच्या घरात ‘मॅकबेथ’ केलं होतं. नाटककार पावेल कोहोउट यांनी छोटं केलेलं, पाच माणसांत आणि एका सुटकेसमध्ये मावणारं. आलेल्या लोकांचे कोट त्या फ्लॅटमध्ये कुणीतरी घेतले असतील, कुठल्यातरी पलंगावर नीट ठेवले असतील, असं आता माझ्या मनात येतं. नाटक त्या हातांवरही उभं असतं. पहिला अंक चालू असताना, कुणी बघत नसताना, परक्या म्हाताऱ्याच्या कोटाला टाके घालणारी माणसं प्रागमध्ये आहेत आणि सांगलीतही आहेत. त्यांची नावं कुणाला कळत नाहीत, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

बाबा परत गेले. फोनवर दर वेळी विचारतात, “त्या ताईंना भेटलीस का?” त्यांनी तुमच्यासाठी सांगलीचे बेदाणे पाठवलेत, अर्धा किलो. मी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा काउंटरवर दुसरं कुणी होतं. पुडी अजून माझ्या बॅगेत आहे. पुढच्या गुरुवारी परत येते.

तुमची,
त्या करड्या कोटवाल्या बाबांची मुलगी