तळ्याच्या पाण्यासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

जुन्या दारूगोळ्याच्या कोठाराकडून येणारा ओढा आपल्या तळ्याला मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागे समितीने पाण्यात टीएनटी हे स्फोटक आहे का ते तपासून घेतलं. 'टीएनटी आढळले नाही' असा अहवाल आला आणि आम्हालाही हायसं वाटलं. ती आमची घाई होती.

टीएनटी पाण्यात फार दिवस मूळ रूपात राहत नाही. उन्हाने ते बदलतं (स्फोटकांच्या कारखान्यांचं सांडपाणी त्यामुळेच गुलाबी होतं), जिवाणू त्याचं अमिनो-डायनायट्रोटोल्युइन नावाचं वेगळं द्रव्य करतात. आरडीएक्स हे दुसरं स्फोटक मातीला फारसं धरत नाही, ते थेट भूजलात मुरतं. फक्त टीएनटी शोधणाऱ्या तपासणीत यातलं काहीच दिसत नाही. शैवालाला मात्र जे काही पाण्यात असेल ते सगळंच सोसावं लागतं. लिटरमागे काही मिलिग्रॅम टीएनटीनेसुद्धा हिरव्या शैवालाची वाढ खुंटते, आणि शैवाल घटलं की पाणपिसवांपासून (शैवाल खाणारे पाण्यातले बारीक जीव) माशांपर्यंत सगळ्यांचीच उपासमार.

म्हणून या वेळी प्रयोगशाळेकडून आरडीएक्स आणि टीएनटीपासून बनणारी द्रव्यंही तपासून घ्यायची आहेत. जोडीला ७२ तासांची शैवालाची आणि ७ दिवसांची डकवीडची चाचणी आपण स्वतः करू. डकवीड म्हणजे पाण्यावर तरंगणारी ती टिकलीएवढी हिरवी पानं. काही बरण्यांत ओढ्याचं पाणी, काहींत स्वच्छ पाणी, दोन्हींत सारखंच खतपाणी, आणि पानं मोजत राहायचं. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगा.

त्यासाठी एक चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक, रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आणि मोजणीला रोज तासभर देणारी माणसं हवी आहेत. प्रयोगशाळेच्या शुल्कासाठी देणगीही हवी. रक्कम लहान असली तरी पावती मिळेल, आणि हिशेब समितीच्या फलकावर लावला जाईल.

'पाणवनस्पती लावा, त्या विष शोषतील,' असं काहींनी सुचवलं. त्यात तथ्य आहे. मायरिओफिलमसारख्या वनस्पती टीएनटीचं रूपांतर करतात. पण पाण्यात विष किती आहे हे न बघता लावल्या, तर आधी त्याच मरायच्या.

पाण्याचे नमुने समितीचे प्रशिक्षित सदस्यच घेतील. उत्साहाच्या भरात कुणी कुंपणापलीकडे जाऊ नये. गंजलेलं कवच किंवा नळकांडं दिसलं तर हात न लावता लांब व्हावं आणि पोलिसांना कळवावं.

मोजणीसाठी नावं येत्या रविवारपर्यंत द्यावीत.

आपली,
तळे संवर्धन समिती